दोनशे एकोणीस वर्षांची अरुणावती: एल्फचं दीर्घायुष्य आणि जादू टेबलावर उतरवायची कशी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे खेळ टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन आणि फासे टाकून खेळतात. एल्फ हा त्यातला फार जगणारा, अंगी जादू असलेला वंश. बहुतेक टेबलांवर एल्फ म्हणजे टोकदार कानांचा, पाठीला धनुष्य लावलेला, सडपातळ असा कॉलेजातला पोरगा असतो. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, वय १४३ लिहिलेलं असतं, पण पहिल्याच सेशनला (खेळाच्या बैठकीला) तो गावच्या पाटलाशी असा बोलतो की नुकताच बारावीचा निकाल लागलाय. जादूचंही तेच. अंधारात दिसतं, झोपेचा मंत्र लागत नाही, एक कॅन्ट्रिप, म्हणजे छोटा मंत्र, फुकट मिळते. एवढं शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं आणि लढाईत गरज पडली तर वाचायचं.

आमचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट, खान्देशातच घडतं, तापीकाठी आणि सातपुड्यात, त्यामुळे खालची उदाहरणं तिकडचीच आहेत. त्यामागे कारणही आहे. फार जगलेल्या माणसाचं दुसऱ्यांशी नातं कसं गोंधळाचं होतं, ही गोष्ट आपल्या भागात लोक शतकानुशतकं सांगत आलेत. ती हाताशी असताना परदेशी जंगलातला उसना एल्फ आणायची गरज नाही. नियम तेवढे तिकडचे घ्या.

पायरी १: कोणतं नियमपुस्तक, ते आधी ठरवा

डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला आणि एल्फ त्यात पहिल्यापासून आहेत, पण त्यांचं आयुष्य आवृत्तीगणिक लांबत-आखडत गेलं. ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या आवृत्तीत हाय एल्फ (एल्फांचा एक प्रकार) बाराशे वर्षांच्याही पुढे जाऊ शकत असे. पुढे तिसऱ्या आवृत्तीत कमाल वय फाशांनी ठरायचं: ३५० अधिक चार वेळा डी-हंड्रेड (एक ते शंभरचा फासा), म्हणजे ३५४ ते ७५० यांच्या मध्ये कुठेतरी. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने फासे काढून टाकले आणि ‘७५० वर्षांपर्यंत’ एवढंच ठेवलं. पाथफाइंडर या तशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतला एल्फ साधारण ६०० वर्षं जगतो.

आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे बालपणाचा. तिसऱ्या आवृत्तीत एल्फ ११० व्या वर्षी वयात येतो आणि सुरुवातीच्या वयासाठी त्यावर फासे टाकायचे. किती, ते पात्राच्या वर्गावर: रोग म्हणजे चोरट्यासाठी चार डी-सिक्स (सहा बाजूंचे फासे), फायटर म्हणजे लढवय्यासाठी सहा, विझार्ड म्हणजे जादूगारासाठी दहा. पाचव्या आवृत्तीत शरीर माणसाच्याच वेगाने वाढतं, पण घरचे लोक त्याला मोठा मानतात ते शंभरीच्या आसपास, आणि तेव्हाच तो स्वतःचं प्रौढ नाव घेतो. मी दुसरी पद्धत घ्यायला सांगेन. शंभर वर्षं पाळण्यात असलेलं मूल खेळवता येत नाही. पण अंगाने विशीतला आणि घरच्यांच्या लेखी नव्वदाव्या वर्षीही ‘अजून लहान आहे हो तो’ असा एल्फ कुठल्याही खान्देशी घरात चपखल बसतो. लग्न न झालेल्या चाळिशीतल्या काकाला विचारा.

दोन नावांचा नियम तर जरूर वापरा. लहानपणीचं एक, शंभरीनंतरचं एक. नावं शोधायला लांब जायला नको, आपल्या नद्याच पुरेशा आहेत: अनेर, गोमाई, बोरी, तितूर, वाघूर, सुकी, अरुणावती. आमच्या उदाहरणातल्या एल्फ बाईचं बालनाव सुकी आणि प्रौढ नाव अरुणावती.

पायरी २: कॅम्पेनचं साल ठरवा आणि मागे मोजा

इथे घाई करू नका, बाकी सगळं यावर उभं आहे.

समजा तुमचं कॅम्पेन १६०१ साली सुरू होतंय. अकबराच्या फौजेने असीरगड घेतला, खान्देशचं फारुकी घराणं संपलं, रस्त्यांवर मालक नसलेले शिपाई हिंडतायत. गोष्टीला याहून चांगलं साल मिळणार नाही. आता एल्फचा जन्म ठेवा १३८२ चा. मलिक राजाने दिल्लीशी नातं तोडून फारुकी सत्ता उभी केली ते हे साल. त्याचं ठाणं तापीकाठचं थाळनेर. म्हणजे अरुणावतीचं वय आणि त्या घराण्याचं वय एकच, २१९ वर्षं. तिच्या समोर एक राज्य उभं राहिलं आणि बुडालं, आणि ७५० च्या हिशोबाने तिचं निम्मं आयुष्यही सरलेलं नाही.

आता मधली सालं भरा. मलिक राजाचा मुलगा नासिर खान याने आसा अहिराकडून असीरगड कपटाने घेतला, पालख्यांमध्ये बायकांऐवजी शिपाई बसवून, असं सांगतात. तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची, नावाने सुकी. १४८२ ला ती शंभरची झाली आणि अरुणावती म्हणवू लागली. १४९८ ला वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा ती ११६ वर्षांची होती. १५८० च्या दशकात राजा अली खानाने बऱ्हाणपुरात जामा मशीद बांधली, जिच्यात अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. तेव्हा ती दोनशे ओलांडून गेलेली. तो संस्कृत लेख तुमच्या कॅम्पेनमधल्या कोड्यासाठी आयता आहे. दोन भाषा, दोन लिप्या, आणि कोरणाऱ्याला ओळखणारी एक एल्फ जिवंत.

मग तिला एक आजी द्या, १२७५ ला जन्मलेली. ज्ञानेश्वरांच्या जन्माचं परंपरेने धरलेलं साल तेच. १६०१ ला ही आजी ३२६ वर्षांची, तीही अजून ठणठणीत. तिच्या बोलण्यात यादवकाळाची मराठी येईल. त्या काळची मराठी कशी दिसत होती हे बघायचं असेल तर चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची ती नोंद, आणि तिचा शेवटचा भाग मराठीत आहे. (हा चांगदेव ज्योतिषी होता. पुढे येणारा योगी चांगदेव वेगळा, गल्लत करू नका.) आजीच्या तोंडी दोन-तीन जुनी रूपं घाला, पुरे. प्रत्येक वाक्य तसं बोलायला गेलात तर टेबल झोपेल.

कॅम्पेन आजच्या काळातलं असेल तर हीच वजाबाकी २०२५ मधून करा. ७५० वर्षांची एल्फ तेव्हा १२७५ ची निघते. तिला तलाठ्याकडे सातबाऱ्यावर वारस नोंद करायची आहे, एवढ्या एका गोष्टीवर अख्खं सेशन निघतं.

पायरी ३: एवढं वय, मग लेव्हल एक कशी?

लेव्हल म्हणजे पात्राच्या कसबाची पायरी. हा प्रश्न टेबलावरचा सगळ्यात हुशार खेळाडू विचारतोच. दोनशे वर्षं जगलेली बाई आणि तलवार चालवण्यात काल आलेल्या वीस वर्षांच्या पोराच्या बरोबरीची?

जुन्या नियमांनी याचं उत्तर हिशोबाने दिलं होतं. १९८१ च्या बेसिक संचात एल्फ हा फायटरसारखा स्वतंत्र वर्गच होता. तलवार आणि जादू दोन्ही यायचं, पण दुसरी लेव्हल गाठायला ४००० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागायचे, जेव्हा फायटरला २००० पुरत, आणि दहाव्या लेव्हलला एल्फची वाढ थांबायची. लेव्हलची ही मर्यादा तिसऱ्या आवृत्तीत, २००० साली, गेली. हिशोब म्हणून ठीक होतं, गोष्ट म्हणून कोरडंच.

गोष्टीतलं उत्तर असं द्या की एल्फ शिकते तेवढंच विसरतेही. दोनशे वर्षांत तिने तीन-चार आयुष्यं जगून टाकलीत आणि प्रत्येक वेळी आधीचा हात गेलाय. बॅकस्टोरी लिहिताना तिला तीन पेशे द्या, प्रत्येकी साठ-सत्तर वर्षांचे. अरुणावतीचे आम्ही असे धरले: थाळनेरच्या धक्क्यावर नाव चालवणारी, नंतर बऱ्हाणपुरात विणकरांच्या घरी सूत रंगवणारी, शेवटी सातपुड्यात एकटी मध आणि डिंक गोळा करणारी. तलवार तिने चौथ्या आयुष्यात, कॅम्पेनच्या आदल्या वर्षी हातात घेतली. त्यात ती खरोखरच नवखी आहे.

पाथफाइंडर खेळत असाल तर ही कल्पना नियमातच मिळते. त्यात शंभरी पार केलेल्या एल्फला ‘अँसेस्ट्रल लाँजेव्हिटी’ ही फीट (खास क्षमता) घेता येते. रोज सकाळच्या तयारीत ती एक कौशल्य निवडते आणि त्या दिवसापुरती त्यात प्रशिक्षित असते. म्हणजे आज सकाळी नाव चालवण्याची आठवण वर काढली, उद्या रंगाची. पाचव्या आवृत्तीवाल्यांनी हा नियम उचलून घरगुती म्हणून वापरायला हरकत नाही, फार ताकद येत नाही.

पायरी ४: नाती आणि संबोधनं

आता चांगदेवांची गोष्ट. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, तिथे त्यांचं मंदिर आहे. योगबळाने काळाला चकवून ते चौदाशे वर्षं जगले असं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांची कीर्ती कानावर आली आणि त्यांनी पत्र लिहायला घेतलं. मायना काय लिहावा इथेच गाडी अडली. समोरचा वयाने पोर, तर आशीर्वाद लिहावा. ज्ञानाने मोठा, तर नमस्कार लिहावा. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो बघून चिमुरडी मुक्ताबाई म्हणाली म्हणे, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या पाठवल्या, तीच चांगदेव पासष्टी. आणि पुढे चांगदेवांनी त्या मुक्ताबाईलाच गुरू केलं.

एल्फ खेळवण्याचं सगळं मर्म त्या कोऱ्या कागदात आहे. दीर्घायुष्य दिसतं ते समोरच्याला काय म्हणून हाक मारायची या अडचणीत. म्हणून खेळाडूने सेशनच्या आधी पार्टीतल्या (बरोबरच्या पात्रांपैकी) प्रत्येकासाठी एक संबोधन ठरवावं आणि ते का, हे स्वतःशी पक्कं करावं.

आमच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगतो. अरुणावती थाळनेरला तापीच्या काठावर आली. नावाडी सत्तरीचा, दात पडलेला. ती दिसायला पंचविशीची. त्याने विचारलं, “तू कोन्ही पोर शेस, माय?” आता तिची पंचाईत. या म्हाताऱ्याच्या पणज्याला नाव वल्हवायला हिनेच शिकवलं होतं. खेळाडूकडे तीन वाटा होत्या. ‘बाळा’ म्हणावं, तर म्हातारा चिडेल. ‘आबा’ म्हणावं, तर खोटं. आमच्या खेळाडूने काहीच म्हटलं नाही. सरळ नावेत चढून वल्हं हातात घेतलं आणि काठापासून नाव सोडवताना पहिला हात उलटा मारला. ती लकब त्या घराण्यात चार पिढ्या चालत आलेली होती. नावाडी बघतच राहिला. मी फासे टाकायलाही सांगितलं नाही, नदीपार फुकट दिली आणि शिवाय एक बातमी दिली.

डीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, यातून थेट काढायचा धडा: एनपीसी (डीएमने चालवायचं पात्र) एकटा बनवू नका, घराणं बनवा. तोच धक्का, तीच लकब, तोच पुढे आलेला कान, फक्त माणूस तिसऱ्या पिढीतला. घराण्याची एक सवय लिहून ठेवली की दर खेपेला नवा एनपीसी रचायचा त्रासही वाचतो. एखादं जुनं देणं ठेवा. पणजोबाने एल्फकडून घेतलेली मोहर, जी पणतूला माहीतही नाही. मागायची की सोडून द्यायची, हे खेळाडूला ठरवू द्या.

दुसरा नमुना अश्वत्थाम्याचा. सात चिरंजीवांपैकी हा एकच असा, ज्याचं न मरणं हा शाप आहे. कपाळावर भळभळती जखम घेऊन तो सातपुड्यात फिरतो आणि जखमेसाठी तेल मागतो, असं आपल्याकडे लोक सांगतात. नंदुरबार जिल्ह्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याच्या नावाने यात्रा भरते. लांब जगणं आवडत नसलेली एल्फ हवी असेल तर तिला अशी न भरणारी एक गोष्ट द्या. ती शारीरिकच असावी असं नाही. तोडलेलं वचन चालेल, वाचवता न आलेलं गाव चालेल. मात्र एल्फला त्या गोष्टीसाठी दर मुक्कामाला कुणाकडे तरी काहीतरी मागावं लागलं पाहिजे. मागणं नसेल तर जखम नुसती बॅकस्टोरीत पडून राहते.

एक स्पष्ट सांगतो. चांगदेव किंवा अस्तंब्याचा अश्वत्थामा यांना एनपीसी करून त्यांच्यावर फासे टाकू नका. लोकांची श्रद्धा आहे, आणि खेळालाही त्याची गरज नाही. घ्यायची ती फक्त घडण. त्याहून महत्त्वाचं, सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा माणसांना ‘वुड एल्फ’ (जंगलातले एल्फ) करून टाकू नका. जिवंत समाजाला टोकदार कान चिकटवले की गंमत टेबलावरच्यांची होते आणि अपमान दुसऱ्यांचा. एल्फ हे एल्फच असू द्या, त्यांचे शेजारी पावरा असू द्या.

पायरी ५: रात्रीचे चार तास

पाचव्या आवृत्तीतला एल्फ झोपत नाही. तो चार तास ट्रान्समध्ये बसतो, अर्धवट शुद्धीत, आणि माणसाला आठ तासांच्या झोपेतून मिळतं ते त्याला तेवढ्यात मिळतं. २०१४ च्या मजकुरावर टेबलाटेबलावर वाद व्हायचे की लाँग रेस्टही, म्हणजे नियमातली पूर्ण विश्रांतीही, चारच तासांत पुरी होते का. २०२४ च्या पुस्तकात ते साफ लिहिलंय: चार तासांत लाँग रेस्ट पूर्ण.

म्हणजे रोज चार तास जास्तीचे, दिवसाचा सहावा हिस्सा. २१९ वर्षांत ढोबळ हिशोबाने साडेछत्तीस वर्षं, आणि ती सगळी रात्रीची, बाकीचं गाव घोरत असताना. अरुणावतीला खान्देशातल्या रात्री जेवढ्या माहीत आहेत तेवढे दिवस माहीत नाहीत. कुठल्या गावात कुत्रा कधी भुंकतो, तापीचं पाणी पहाटे कोणत्या बाजूने ओढतं, चुलीचा पहिला धूर कुणाच्या घरातून निघतो.

टेबलावर याचं दोन प्रकारे करा. पहिलं, पहाऱ्याची रात्र. बहुतेक टेबलं ‘एल्फ आहे ना, मग पहारा तिचा’ म्हणून पुढे सरकतात. तसं न करता त्या चार तासांत ती काय करते ते एका वाक्यात सांगायला लावा. दोरी वळते, दुसऱ्यांची फाटलेली पादत्राणं शिवते, झोपलेल्या माणसांचे श्वास मोजते. सकाळी बाकीच्यांना ते दिसलं पाहिजे. दुसरं, ट्रान्स. झोपेत स्वप्नं पडतात, ट्रान्समध्ये एल्फ आठवणींतून फिरते. म्हणून दर लाँग रेस्टला खेळाडूने एक आठवण निवडावी, दोन ओळींची, त्या दिवशी पाहिलेल्या एखाद्या वस्तूवरून. डीएमला वाटलं तर त्यात एक चुकीची गोष्ट घालावी आणि काही बोलू नये. तीन सेशननी ती उघडी पडते तेव्हा मजा बघा.

पायरी ६: अंगची जादू आणि शिकलेली जादू

विझार्ड पुस्तकातून शिकतो, एल्फच्या जादूला शिकवणी लागत नाही. हा फरक सतत दिसत राहिला पाहिजे. २०२४ च्या नियमात हाय एल्फला सुरुवातीला प्रेस्टिडिजिटेशन हा मंत्र मिळतो, तिसऱ्या लेव्हलला डिटेक्ट मॅजिक, पाचव्याला मिस्टी स्टेप. वुड एल्फला ड्रुइडक्राफ्ट, मग लाँगस्ट्रायडर, मग पास विदाउट ट्रेस. ड्राऊ या तिसऱ्या प्रकाराच्या एल्फला डान्सिंग लाइट्स, फेअरी फायर, डार्कनेस. यादी बघितलीत तर कळेल की जाळपोळीचं यात काही नाही. दिसणं, लपणं, सरकणं, उजेड-अंधार. म्हणजे ही जादू शरीराच्या हालचालीसारखी वर्णन करा. अरुणावती वुड एल्फ आहे. ती ‘ड्रुइडक्राफ्ट टाकते’ असं न म्हणता, तिने ओल्या मातीत बोट खुपसलं आणि म्हणाली उद्या दुपारून पाऊस, असं म्हणा. पुढच्या चोवीस तासांचं हवामान सांगणं त्या कॅन्ट्रिपमध्ये आहेच.

आता मर्यादा, कारण भांडणं इथेच होतात.

एल्फच्या फे अँसेस्ट्री या अंगच्या गुणाने चार्मविरुद्धच्या (भुरळीविरुद्धच्या) सेव्हिंग थ्रोला, म्हणजे बचावाच्या फाशाला, ॲडव्हांटेज मिळतो. पूर्ण मुभा नाही. दोन फासे टाका, मोठा घ्या, तोही कमी पडला तर भुरळ पडली. (ॲडव्हान्स्डच्या पहिल्या आवृत्तीत झोप आणि भुरळ या दोन्हींना नव्वद टक्के प्रतिकार होता. जुने खेळाडू तेच धरून बसतात.) झोपेचं मात्र वेगळं: जादूने एल्फला झोपवताच येत नाही. पण फक्त जादूने. कुणी मोहाच्या दारूत गुंगीचं औषध घालून दिलं तर एल्फही आडवी होते, डोक्यात दगड बसला तरी होते. सातपुड्यातल्या पाड्यावर पाहुणचाराचा प्याला आला की हा नियम आठवा. २०१४ च्या नियमांत घूल या प्रेतं खाणाऱ्या राक्षसाच्या नख्यांनी येणारा लुळेपणा एल्फना येत नाही. हा अपवाद फार जुना आहे, जवळजवळ खेळाइतकाच, आणि थाळनेरच्या जुन्या कबरींजवळ घूल ठेवलात तर अख्ख्या पार्टीत एकटी अरुणावती हलू शकते. असा प्रसंग एकदा तरी घडवा.

मग हे लोक एवढं जगतात का? हे तुमच्या जगात तुम्हीच ठरवायचं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मुख्य पुराणात एल्फ हे कोरेलॉन या देवाच्या रक्तातून आले आणि फेवाइल्ड या जादूच्या जगाशी त्यांचं नातं आहे. एबेरॉन या जगात एरेनालचे एल्फ आपल्या थोर पूर्वजांना मृत्यूनंतरही टिकवून ठेवतात आणि त्यांच्या सल्ल्याने चालतात. दोन्ही उत्तरांनी खेळ वेगळा होतो: पहिल्यात आयुष्य रक्तात आहे, दुसऱ्यात ते कुळाने राखलेलं आहे. आमच्याकडे आम्ही तिसरं घेतलं. तोरणमाळच्या पठारावर पावसाळ्यात धुकं उतरतं, त्या धुक्यात फेवाइल्डचं दार आहे, आणि प्रत्येक एल्फला दर काही वर्षांनी तिथून एकदा जावं लागतं. चुकलं तर त्या वर्षापासून वय माणसासारखं चालू लागतं. हा शुद्ध घरगुती नियम आहे, पुस्तकात शोधू नका. पण त्यामुळे पावसाळा जवळ आला की एल्फ खेळाडू अस्वस्थ होतो आणि डीएमला त्याला पठारापासून लांब अडकवून ठेवायला कारण मिळतं.

पायरी ७: शिळं ज्ञान

एल्फ खेळाडू दर वेळी म्हणतो, “मी दोनशे वर्षांची आहे, मला हे माहीत असणारच.” डीएम वैतागतो. यावर आमचा उपाय: सेशनमध्ये एकदा ‘मी इथे आले होते’ असं म्हणायचा हक्क तिला द्या. साल सांगायचं, कशासाठी आले होते ते सांगायचं, आणि हिस्टरीचा (इतिहासज्ञानाचा) रोल, डीसी पंधरा, म्हणजे पंधरा किंवा जास्त यायला हवेत. जमला तर माहिती खरी आणि ताजी. चुकला तरी माहिती खरीच, पण शिळी. विहीर होती, बुजली. उतार होता, नदीने काठ बदलला. तो रस्ता जायचा त्या गावात आता कुणी राहत नाही.

नावं हे शिळेपणाचं सगळ्यात सोपं साधन आहे. १६०१ नंतर अकबराने सुभ्याचं नाव शहजादा दानियालवरून दानदेश केलं. चौकीवरच्या शिपायाने दानदेश म्हणावं आणि अरुणावतीने ओळखू नये. आजच्या कॅम्पेनमध्ये एल्फ मुक्ताईनगरला एदलाबाद म्हणते आणि बसस्टँडवरची पोरं हसतात, कोपऱ्यातला म्हातारा तेवढा मान वर करतो.

जेवणही तसंच. मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली. म्हणजे अरुणावतीने पहिली शंभराहून जास्त वर्षं मिरचीचं नावही ऐकलं नव्हतं. तिखट म्हणजे मिरी, सुंठ, फार तर पिंपळी. शेंगदाणाही बाहेरूनच आलेला. वांग्याचं भरीत ती करते, पण त्यात ना हिरवी मिरची ना दाणे, आणि आजच्या खान्देशी माणसाने ते खाल्लं तर आजाऱ्याचं जेवण म्हणेल. कळण्याची भाकरी मात्र तिला बघताक्षणी ओळखू येईल. अशी एक ओळखीची आणि एक अनोळखी गोष्ट दर गावात ठेवा.

पायरी ८: म्हातारपण, मरण आणि परत येणं

पाचव्या आवृत्तीत वयाने आकड्यांत काही फरक पडत नाही. तिसऱ्या आवृत्तीत पडायचा: १७५ व्या वर्षी एल्फ मध्यमवयीन, ताकद-चपळाई-काटकपणा एकेकाने कमी, बुद्धी-शहाणपण-प्रभाव एकेकाने जास्त. मी आकडे बदलत नाही, उगाच खेळाडू वयाचा सौदा करतात.

पण भूत विसरू नका. २०१४ च्या नियमात भुताचं भेसूर रूप पाहून सेव्ह पाच किंवा जास्तने हुकला तर माणूस जागच्या जागी दहा ते चाळीस वर्षांनी म्हातारा होतो. पंचविशीतला फायटर पासष्टीचा. चोवीस तासांत ग्रेटर रिस्टोरेशन हा मंत्र मिळाला तर उतरतं, नाहीतर कायमचं. एल्फला त्याचं काहीच नाही, २१९ ची २५९ झाली. नियमाने ते बरोबर आहे, प्रसंग म्हणून मात्र फुसका. म्हणून आम्ही एल्फसाठी बदललं: भूत तिची तेवढ्या वर्षांची आठवण नेतं. कोणती वर्षं, हे डीएम ठरवतो. तीन पेशांपैकी एक अख्खा जाऊ शकतो.

मेलेल्या एल्फला परत आणण्याबद्दल: ॲडव्हान्स्डच्या पहिल्या आवृत्तीत रेझ डेड (मेलेल्याला उठवण्याचा मंत्र) एल्फवर चालतच नसे. आता चालतं, दहा दिवसांच्या आत. माझ्या मते यापेक्षा कितीतरी जास्त मजा ड्रुइड या निसर्गपूजक जादूगाराच्या रीइन्कार्नेट मंत्रात आहे. २०१४ च्या पुस्तकात नवं शरीर कोणत्या वंशाचं, हे फासे ठरवतात. मानव आला तर? डोक्यात दोनशे वर्षांच्या आठवणी आणि हाताशी जेमतेम पन्नास वर्षं. खेळाडू तयार असेल तरच करा, आधी विचारून घ्या.

पायरी ९: शीट फेकू नका

कॅम्पेन संपलं की माणसांची शीटं फायलीत जातात. एल्फचं शीट प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून बाजूला ठेवा आणि मागच्या बाजूला चार गोष्टी लिहा: कोणत्या साली गोष्ट थांबली, पार्टीतला कोण कुठे स्थायिक झाला, कुणाचं काय देणं राहिलं, आणि शेवटी कुणाला काय म्हणून हाक मारत होती. पुढचं कॅम्पेन शंभर वर्षांनी सुरू करा. १७०१ साल, खान्देशात मुघल-मराठ्यांची धावपळ चालू, आणि मागच्या वेळी फायटर खेळलेल्या मित्राला त्याच फायटरचा पणतू खेळायला द्या. त्याला पणजोबांबद्दल फक्त दोन खोट्या दंतकथा सांगा. खरं काय घडलं ते अरुणावतीच्या शीटमागे आहे. ते कधी सांगायचं आणि सांगायचं की नाही, हे तिच्या खेळाडूवर सोडा.